तार आणि बिनतार : ध्वनिवहनाच्या दोन वाटा आणि दक्षिण कोकणातील श्रोता

प्रस्तावना

देवगड तालुक्यातील कुणकेश्वर येथे महाशिवरात्रीच्या यात्रेत पुळणीवर उभे राहिले असता एकच घोषणा दोनदा कानी पडते. जवळच्या खांबावरील कर्ण्यातून ती आधी येते आणि क्षणभराने मंदिराच्या बाजूच्या कर्ण्यातून तीच पुन्हा येते. चुकलेल्या मुलाचे नाव, तीर्थस्नानासाठी आलेल्या देवस्वारीचे गाव, वाहने हलविण्याची सूचना, सारे या दुहेरी उच्चारातच ऐकावे लागते. याचे कारण साधे आहे. विद्युत्संदेश तारेतून इतक्या वेगाने धावतो की ओळीने लावलेले सर्व कर्णे व्यवहारतः एकाच क्षणी बोलतात. परंतु कर्ण्यातून बाहेर पडलेला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर इतकाच प्रवास करतो. म्हणून १७० मीटर अंतरावरील कर्ण्याचा आवाज अर्धा सेकंद मागून येतो. यात्रेकरूला या गणिताशी कर्तव्य नसते. त्याच्या दृष्टीने तो यात्रेचाच आवाज असतो.

त्याच गावात गणेशचतुर्थीला मुंबईहून येणारा चाकरमानी अलीकडे होम थिएटरचा संच घेऊन येतो, तेव्हा त्याच्यापुढे एक नवा वाटणारा प्रश्न उभा राहतो : ध्वनिवर्धक तारेने जोडावयाचे की बिनतारी घ्यावयाचे? विक्रेता हा प्रश्न सोय, सौंदर्य आणि किंमत या तीन शब्दांत सोडवून देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या प्रश्नाला सव्वाशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात सोयीपेक्षा मालकीचा व परवानगीचा भाग मोठा आहे. तार कोणाच्या आवारातून जाते, हवेतील लहरी कोणाच्या, आणि ऐकण्यासाठी कोणाची अनुज्ञा लागते, या तीन प्रश्नांच्या आधारे दक्षिण कोकणातील श्रोत्याचा इतिहास पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे. मांडणी ऐतिहासिक पद्धतीची असून कायदे, नभोवाणीचा ज्ञात इतिहास आणि स्थानिक निरीक्षण यांवर ती आधारलेली आहे. तांत्रिक तपशील आवश्यक तेवढाच दिला आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. 'बिनतारी' हा मराठी शब्द मुळात अभावदर्शक आहे. जे आहे त्यावरून नव्हे, तर जे नाही त्यावरून या तंत्राला नाव पडले. तार हीच स्वाभाविक अवस्था मानली गेल्याचे ते चिन्ह आहे. उलट 'तार' या शब्दाने वस्तूचा अर्थ ओलांडून संदेशाचा अर्थ घेतला. कोकणातल्या घरात 'तार आली' असे कोणी म्हटले की वाचण्यापूर्वीच बायामाणसांच्या डोळ्यांना पदर लागे. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तो अर्थही तिच्याबरोबर मावळत चालला आहे.

तारेतून घरी आलेले नाटक

घरबसल्या नाट्यगृहाचा अनुभव घेण्याची कल्पना बिनतारी युगाच्या आधीची आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहातील गायन दूरध्वनीच्या तारांनी प्रदर्शनाच्या दालनात आणून ऐकविले. रंगमंचावर डावीउजवीकडे वेगवेगळे ग्राहक बसविले होते आणि श्रोत्याच्या दोन्ही कानांना दोन वेगळ्या तारा दिल्या होत्या. त्यामुळे गायक रंगमंचावर कोणत्या बाजूला आहे, हे ऐकणाऱ्याला कळे. आज होम थिएटरच्या जाहिरातीत ज्या दिशाभानाची महती गायिली जाते, त्याचा हा पहिला नमुना होय. १८९० पासून 'थिएट्रोफोन' नावाने ही सेवा वर्गणी घेऊन दिली जाऊ लागली आणि नभोवाणी व ग्रामोफोन यांच्या स्पर्धेत १९३२ च्या सुमारास ती संपली. बुडापेस्ट येथे १८९३ पासून तारेने बातम्या व संगीत घरोघर पोचविणारी 'टेलेफोन हिर्मोंडो' ही सेवाही याच जातीची. पुढे सोव्हिएत रशियात तारेने जोडलेले घरगुती ध्वनिवर्धक लाखोंच्या संख्येने बसविले गेले. त्या यंत्राला केंद्र बदलण्याची खुंटी नसे, आवाज कमीजास्त करण्याची तेवढी असे. तार ही नेहमी श्रोत्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूची असते असे समजण्याचे कारण नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येईल.

भारतात तारेची ही घरगुती परंपरा रुजली नाही. मुंबईत १८८२ साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले, पण तारा शहराबाहेर पडून खेड्यातल्या ओटीवर येण्यास फार मोठा काळ जावा लागला. समुद्राकाठच्या गावांना बोटीने मुंबई जवळ होती आणि तारेने दूर.

परवान्याचे राज्य

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारायंत्र उभारण्याचा एकाधिकार सरकारकडे घेतला. जगदीशचंद्र बसू यांनी कोलकाता येथे १८९५ साली विद्युत्चुंबकीय लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली, त्याच्या दहा वर्षे आधीचा हा कायदा. पुढे बिनतारी संदेशवहन आले तेव्हा तेही याच कायद्याच्या छत्राखाली घेण्यात आले. म्हणजे आपल्या देशात हवेतील लहरींवरचा हक्क तारेच्या हक्कातून जन्मास आला.

ध्वनिप्रक्षेपणाचा भारतीय आरंभ मुंबईत झाला, ही मराठी अभ्यासकाला जवळची बाब आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून टाइम्स ऑफ इंडिया व टपाल-तार खाते यांनी मुंबईहून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला आणि तो पुण्यात ऐकला गेला. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी खडकी व दौंड येथील केंद्रांद्वारे इंग्लंडशी थेट बिनतारी तारसेवाही सुरू झाली. लंडनशी बोलण्याची सोय अशी पुण्याच्या आसपास झाली, परंतु मुंबई केंद्राचे यंत्र अवघे दीड किलोवॉटचे होते आणि त्याचा भरवशाचा पल्ला शहराच्या आसपास पन्नासेक किलोमीटर. कुणकेश्वर तेथून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे.

ऐकण्यासाठी वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे. सबंध देशातील परवान्यांची संख्या त्या वर्षांत ८ हजारांपलीकडे गेली नाही. परवाना न काढता ऐकणारे पुष्कळ होते. कंपनी १९३० साली बुडाली आणि सरकारला प्रक्षेपण आपल्याकडे घ्यावे लागले. चोरून ऐकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम आला. या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने बोलण्यावर नव्हे तर यंत्र जवळ बाळगण्यावरच बंदी घातली. परवान्याविना यंत्र बाळगणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड. ग्रामोफोनच्या तबकडीला परवाना नव्हता, छापील पुस्तक घरी ठेवण्याला नव्हता, पण हवेतला आवाज पकडण्याला होता. टपाल कार्यालयात दरवर्षी तिकिटे चिकटवून घेण्याचे रेडिओ परवान्याचे पुस्तक ज्येष्ठ प्राध्यापकांना आठवत असेल. ती पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली. ध्वनिग्रहणाचे यंत्र हे शस्त्राप्रमाणे नोंदवावयाचे, ही समजूत दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती, असे म्हणावे लागेल.

कर्णा आणि छुपे केंद्र

याच काळात तारेच्या ध्वनीने वेगळी वाट धरली. सिंधमध्ये १९०९ साली ग्यानचंद मोटवाने यांनी सुरू केलेली व पुढे मुंबईत आलेली पेढी 'शिकागो रेडिओ' या नावाने प्रसिद्धीस आली. नाव शिकागोचे, पेढी मुंबईची. १९३० च्या दशकात राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना व सभांना नानक मोटवाने यांनी ध्वनिक्षेपक पुरविले. गांधी, नेहरू व सुभाषचंद्र बोस यांच्या त्या काळच्या अनेक छायाचित्रांत वक्त्यापुढील ध्वनिग्राहकावर या पेढीचे नाव वाचता येते. ही सारी व्यवस्था तारेची होती. ध्वनिग्राहकापासून वर्धकापर्यंत तार, वर्धकापासून कर्ण्यापर्यंत तार, आणि वीज नसेल तेथे मोटारीची बॅटरी. नभोवाणी सरकारच्या मुठीत असल्यामुळे राष्ट्रीय चळवळीचा आवाज मैदानाच्या सीमेपर्यंतच जाऊ शके; पण त्या मैदानात तो निर्वेध जात असे.

मैदानाची सीमा ओलांडण्याचा प्रयत्न १९४२ साली झाला. उषा मेहता, बाबूभाई खाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत ऑगस्टअखेर सुरू केलेले 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र ४२.३४ मीटरवर बोलू लागले. जागा वारंवार बदलून ते सुमारे अडीच महिने टिकले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. नानक मोटवाने हेही या खटल्यातील आरोपी होते. खाकर, उषा मेहता व चंद्रकांत झवेरी यांना शिक्षा झाल्या, मोटवाने व विठ्ठलदास झवेरी सुटले. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा होऊन त्या येरवड्यास गेल्या.

येथे तार व बिनतार यांतील एक मूलभूत भेद दिसतो. तारेने जोडलेला कर्णा जेथे आहे तेथे सर्वांना दिसतो. त्याला लपावयाचे नसतेच. बिनतारी केंद्राला लपावे लागते, पण बोलण्यास प्रारंभ केल्याबरोबर ते आपला ठावठिकाणा स्वतःच जाहीर करते, कारण दिशाशोधक यंत्राला तेवढेच पुरेसे असते. बोलणे हाच पुरावा ठरतो. दूर पोचण्याची ही किंमत होय.

आंबोलीचे जंगल

या भेदाचे आपल्या जिल्ह्यातील उदाहरण अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेले नाही, अशी प्रस्तुत लेखकाची नम्र तक्रार आहे. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहावर पोर्तुगिजांनी गोळीबार केल्यानंतर सीमा बंद झाल्या. गोव्यातील वृत्तपत्रांवर कडक पूर्वपरीक्षण होते आणि १९४६ पासून चालू असलेले 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सरकारचीच बाजू सांगे. अशा स्थितीत २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या जंगलातून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' या छुप्या केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले. आंबोली त्या वेळी मुंबई राज्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. वामन सरदेसाई व लिबिया लोबो हे दोघे हे केंद्र चालवीत. प्रक्षेपण कोकणी व पोर्तुगीज भाषांतून होई. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या बाजूस हलले आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे सहा वर्षांहून अधिक काळ, ते बोलत राहिले. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

आंबोलीतील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना या कार्याची कल्पना यावी. धुके, जळवा, ओल आणि त्यात विजेच्या यंत्राची जपणूक. पण या घटनेतील इतिहासकाराला खुणावणारा भाग शेवटचा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेने शरणागती पत्करल्यावर सरदेसाई व लोबो यांनी विमानातून गोव्यावर फेऱ्या मारीत, ध्वनिक्षेपकावरून ती वार्ता खालच्या लोकांना दिली आणि पत्रके टाकली. ज्यांनी सहा वर्षे केवळ लहरींच्या आधारे बोलण्यात घालविली, त्यांनी मुक्ततेची घोषणा मात्र कर्ण्यातून केली. रेडिओ घरात असणाऱ्यालाच लहरी ऐकू येतात. कर्ण्याला श्रोत्याजवळ काहीही असावे लागत नाही. त्या दिवशी गोव्यात रेडिओ असलेली घरे किती थोडी होती हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीमागील व्यवहारज्ञान पटते.

सामुदायिक श्रवणाकडून दिवाणखान्याकडे

स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खेड्यात नेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने पुणे केंद्रावरून शेतकरी श्रवणमंडळांचा कार्यक्रम दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, सुमारे दीडशे गावांत ऐकविला गेला. मंडळाने एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी आणि प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि मंडळ असलेल्या गावांच्या माहितीत स्पष्ट भर पडल्याचे दाखविले. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर हे जिल्हे या प्रयोगात होते. कोकणातील एकही नव्हता. रत्नागिरीस आकाशवाणीचे केंद्र यावयास १९७७ साल उजाडावे लागले. तोवर दक्षिण किनाऱ्यावरील श्रोता मुंबई, पणजी आणि रात्रीच्या वेळी समुद्रापलीकडून येणारी सिलोनची गाणी यांवर राहिला.

ट्रान्झिस्टर आल्यावर एक विलक्षण उलटापालट झाली. बिनतारी ध्वनी आता खऱ्या अर्थाने बिनतारी झाला, कारण यंत्राला विजेची तारही उरली नाही. होडीवर, आंब्याच्या राखणीच्या माचावर, पडवीत रेडिओ जाऊ लागला. त्याबरोबर सामुदायिक श्रवण विरळ झाले. समूहाने ऐकणे यापुढे कर्ण्याच्या वाट्याला आले : भजनाची डबलबारी, दशावतारी नाटक, सत्यनारायण, लग्न आणि यात्रा. दशावताराची मूळ घडण ध्वनिवर्धकाविना झालेली आहे. पायपेटी, मृदंग आणि झांज यांवर मात करून शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा हीच नटाची कमाई असे. ध्वनिग्राहक आल्यावर गळ्याचे कष्ट वाचले आणि नट तारेच्या टोकाशी बांधला गेला. राजाने शत्रूवर चाल करून जावयाचे ते टांगलेल्या ध्वनिग्राहकाच्या टप्प्यातच. या बदलाने काय मिळविले आणि काय गमावले, हा नाट्यशास्त्राच्या सहकाऱ्यांनी हाती घ्यावा असा विषय आहे.

खासगी वाट निराळी होती. मुंबईच्या व आखाताच्या पैशातून आधी टेपरेकॉर्डर, मग डेक, मग पाच ध्वनिवर्धक व एक मंद्रध्वनीचा डबा असा होम थिएटरचा संच किनाऱ्यावरील घरांत आला. सहा वाहिन्यांची ही अंकीय रचना डॉल्बी प्रयोगशाळेने १९९२ साली चित्रपटगृहात आणली आणि डीव्हीडीबरोबर ती घरात शिरली. येथे एक गमतीची नोंद करणे आवश्यक आहे. रे डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर लंडनला त्यांनी प्रयोगशाळा काढली ती ध्वनिमुद्रणातील गोंगाट घटविण्यासाठी. मराठीत मात्र 'डॉल्बी' हा शब्द मिरवणुकीतील कर्कश भिंतीसाठी रूढ झाला आहे. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाटाला मिळावे, असा न्याय भाषेच्या इतिहासातही विरळाच.

आता तार आणि बिनतार यांच्या घरगुती तुलनेकडे वळू. ध्वनिवर्धकाची तार केवळ संदेश नेत नाही, ती शक्ती नेते. म्हणून तिची जाडी व लांबी महत्त्वाची. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. १० मीटर अंतरासाठी जाणारी-येणारी मिळून २० मीटर तार लागते; रोध ०.३४ ओहम. ८ ओहमच्या ध्वनिवर्धकापुढे हा तोटा चार टक्क्यांच्या आसपास, म्हणजे कानाला न जाणवणारा. महागड्या तारांच्या नावाने घरगुती ग्राहकाकडून जी किंमत वसूल केली जाते तिला या गणितात फारसा आधार सापडत नाही. यात्रेत मात्र हेच अंतर २०० मीटर होते, रोध ७ ओहमच्या जवळ जातो आणि जवळजवळ निम्मी शक्ती तार तापविण्यात संपते. म्हणून सार्वजनिक ध्वनिक्षेपणात १०० व्होल्टची वाहिनी वापरतात. दाब वाढविला की प्रवाह घटतो. १०० वॉटसाठी ८ ओहमवर साडेतीन अँपिअर लागतात, १०० व्होल्टवर एकच, आणि तोटा सहासात टक्क्यांवर येतो. प्रत्येक कर्ण्याजवळ दिसणारी लहानशी पेटी ही दाब पुन्हा उतरविणाऱ्या रोहित्राची असते. मंडपवाल्याने हे पुस्तकात वाचलेले नसते, पण त्याच्या हाताला ते ठाऊक असते.

बिनतारी ध्वनिवर्धकाविषयीचा पहिला गैरसमज नावातच आहे. त्यात संदेशाची तार नसते, विजेची असतेच. नाहीतर बॅटरी असते आणि ती झिजते. पाच ध्वनिवर्धकांना पाच वीजखुंट्या लागतात, आणि चिरेबंदी जुन्या घरात प्रत्येक कोपऱ्यात खुंटी कोठून असणार? दुसरी गोष्ट विलंबाची. अंकीय संदेश बांधून, पाठवून, सोडविण्यास वेळ लागतो. सर्वसाधारण ब्लूटूथमध्ये तो दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास जातो. हवेतील ध्वनीच्या हिशेबात ५० मीटर दूर बसल्यासारखे हे झाले. पडद्यावरील ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो. होम थिएटरसाठी बनविलेल्या खास प्रणालींनी हा विलंब पुष्कळ कमी केला आहे, पण त्या महाग आहेत. तिसरी गोष्ट आपल्या भूमीची. जांभ्याच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती पावसाळ्यात पाणी धरून ठेवतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषते. ओटीवरील यंत्राचा आवाज माजघरापर्यंत नीट पोचेलच असे नाही. याउलट खाऱ्या हवेने तांब्याची उघडी टोके दोनचार पावसाळ्यांत हिरवीकाळी पडतात आणि आवाज खरखरू लागतो, ही तारेची बाजू. तिला उपाय आहे : टोक कापून नवे सोलणे. गावातील कोणताही वायरमन ते पाच मिनिटांत करतो.

हा दुरुस्तीचा मुद्दा वरकरणी किरकोळ वाटेल, परंतु लेखाच्या मुख्य सूत्राशी तो थेट जोडलेला आहे. जानेवारी २०२० मध्ये सोनॉस या अमेरिकी कंपनीने आपल्या काही जुन्या बिनतारी ध्वनिवर्धकांना त्या वर्षीच्या मे महिन्यापासून नवे अद्ययावतीकरण मिळणार नाही असे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांत मोठा असंतोष झाला. यंत्र ग्राहकाच्या घरात होते, पूर्ण पैसे दिलेले होते, पण त्याचे आयुष्य दुसऱ्याच्या हाती होते. १९३३ च्या कायद्यात ऐकण्याची अनुज्ञा सरकार देत असे; येथे ती उत्पादक देतो. तिकिटे चिकटविण्याचे पुस्तक तेवढे उरलेले नाही.

लहरी कोणाच्या?

सरकारी मक्तेदारीला पहिले भगदाड पडले ते तारेनेच. १९९० च्या दशकारंभी उपग्रहाची तबकडी गच्चीवर बसवून शेजारपाजारी तारा ओढणाऱ्या केबलवाल्यांनी आकाशातील परदेशी वाहिन्या घरोघर नेल्या. कायदा त्यांच्यामागून, १९९५ साली आला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की ध्वनिलहरींचे आकाशमार्ग ही सार्वजनिक संपत्ती असून त्यांचा उपयोग लोकहितार्थ नियंत्रित झाला पाहिजे. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचे होते, आणि मराठी वाचकाने ते मुळातून वाचावे इतके ते मोलाचे आहे.

घरातील बिनतारी ध्वनिवर्धकाला प्रत्यक्ष मुभा देणारा दस्तऐवज मात्र त्याहून कितीतरी अप्रसिद्ध आहे. जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांना परवान्यातून सूट दिली. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील सूट २०१८ साली विस्तृत झाली. दिवाणखान्यातील ब्लूटूथचा डबा कायदेशीर ठरतो तो या सवलतीने. सवलत ही हक्काहून वेगळी असते. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ व १९३३ हे दोन्ही कायदे मागे घेण्याची तरतूद केली, परंतु वर्णपटाची मालकी जनतेच्या वतीने केंद्र सरकारकडेच ठेवली आहे.

कर्ण्यावरील बंधने दुसऱ्या बाजूने आली. १४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई केली. निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. २००२ च्या दुरुस्तीने राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार मिळाला, आणि १८ जुलै २००५ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांना दृढ आधार दिला. रुग्ण, वृद्ध व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. मिरवणुकीच्या भिंतीपुढे ज्याचे घर आहे त्याला याविषयी शंका नसेल. परंतु दशावतारासारखी पालखीनंतर उभी राहणारी आणि पहाटेपर्यंत चालणारी कला याच मापाने मोजली जाते, हे न्याय्य वाटत नाही. पंधरा दिवसांची यादी शहरी उत्सव डोळ्यांपुढे ठेवून होते. सिंधुदुर्गातील जत्रांचा हंगाम कार्तिकापासून पुढे गावागणिक वेगळ्या तिथीला असतो. तारेचा कर्णा शांत करणे सोपे, कारण तो दिसतो. बंद खिडकीआड रात्रभर धडधडणारा घरगुती मंद्रध्वनी त्याच नियमात बसत असूनही सहसा कोणाच्या दृष्टीस येत नाही.

मे २०२१ मधील तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेले तेव्हा वीजवाहिन्यांचे मोठे नुकसान झाले आणि अनेक गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. भ्रमणध्वनीचे मनोरेही विजेविना मुके झाले. त्या दिवसांत बिनतारी संच आणि तारेचे संच सारखेच निरुपयोगी होते. चालत होते ते बॅटरीवरचे रेडिओ.

कुणकेश्वरच्या यात्रेत अलीकडे निवेदकाच्या हातात बिनतारी ध्वनिग्राहक असतो. तो गर्दीतून फिरत, चुकलेल्या मुलाचा हात धरून, त्याला त्याचे नाव विचारत बोलतो. त्याचा आवाज लहरींनी मंडपातील वर्धकापर्यंत जातो आणि तेथून पुढे नेहमीच्या तारेने खांबाखांबावरील कर्ण्यांपर्यंत. पुळणीवर तो अजूनही दोनदा ऐकू येतो.